मुलाला घराबाहेर काढू नका

या सदरातून आजवर आपण मधुमेह, रक्तदाब, दमा, मुलांचे जंत, बायकांची कंबरदुखी अशा अनेक विषयांवर बोललो. आजचा विषय आजाराचा नाही, तरीही दवाखान्यातलाच आहे. तृतीयपंथी व्यक्ती आणि त्याहूनही अधिक त्यांचे आईवडील यांच्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. काही वाचकांना हा लेख घरात मोठ्याने वाचण्यासारखा वाटणार नाही. हरकत नाही, मनात वाचावा, पण वाचावा. ज्या घराला या माहितीची गरज असते, ते घर सहसा कुणाला विचारायला जात नाही.

ही माणसे येतात कुठून?

तृतीयपंथी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वेच्या डब्यात किंवा बाजाराच्या दिवशी दुकानापुढे टाळी वाजवणारी व्यक्ती उभी राहते. ती कुठून तरी लांबून, मोठ्या शहरातून आली असावी अशी आपली समजूत असते. २०११ च्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांखेरीज 'इतर' असा रकाना होता. त्यात देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली, त्यांपैकी ४०,८९१ महाराष्ट्रात. जे लाजेने किंवा भीतीने त्या रकान्यात गेलेच नाहीत, ते वेगळे. ही सगळी माणसे कुणाच्या ना कुणाच्या घरात जन्मली. त्यांचेही बारसे झाले, त्यांनाही पोलिओचे डोस पाजले, त्यांचेही नाव शाळेच्या हजेरीपटावर होते. मग एक दिवस ते नाव हजेरीपटावरून गळाले. माझा आजचा मुद्दा त्या दिवसाविषयी आहे.

तीन गोष्टींची गल्लत

चांगली शिकली-सवरलेली माणसेही या विषयात तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. त्या आधी निवडून घेऊ.

पहिली गोष्ट शरीररचनेची. काही बाळांच्या जननेंद्रियांची ठेवण जन्मतःच नेहमीपेक्षा वेगळी असते. मुलगा की मुलगी, हे चटकन सांगता येत नाही. काहींत बाहेरची रचना एक आणि आतले अवयव किंवा गुणसूत्रे वेगळी असतात. हे तपासणीत कळते. असे बाळ जन्मले तर लपवून ठेवू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अशा काही बाळांत मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा दोष असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच उलट्या होऊन, अंगातले मीठ-पाणी कमी होऊन बाळ दगावू शकते. वेळेवर औषध मिळाले तर ते वाचते. मात्र केवळ दिसायला 'नीट' व्हावे म्हणून घाईने शस्त्रक्रिया करू नये. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली अशा शस्त्रक्रियांविरुद्ध निकाल दिला, आणि तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी, जिवाला धोका असेल तेवढे प्रसंग सोडून, त्यांवर बंदी घातली.

दुसरी गोष्ट लिंगभावाची. आपण पुरुष आहोत की स्त्री, ही प्रत्येकाची आतून असलेली जाणीव. बहुतेकांची ही जाणीव शरीराशी जुळते, म्हणून आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. काहींची जुळत नाही. शरीर पूर्ण मुलाचे, पण मनाने ती मुलगी. किंवा शरीर मुलीचे आणि मनाने तो मुलगा. आजचा लेख मुख्यतः यांच्याविषयी आहे.

तिसरी गोष्ट आकर्षणाची. कुणाला कुणाविषयी ओढ वाटते, हा प्रश्नच निराळा. समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच समजतो. त्याला तृतीयपंथी म्हणणे चूक आहे.

याचे कारण काय? एकच एक कारण विज्ञानाला सापडलेले नाही. जन्मापूर्वीची संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, आणि अनुवंश यांचा वाटा असावा असे मानतात. कारण काय नाही, हे मात्र ठामपणे सांगता येते. गरोदरपणी पाहिलेले ग्रहण नाही. हौसेने घातलेला फ्रॉक नाही. आईचे लाड नाहीत, बापाचा धाक नाही, कुणाची करणीही नाही. तेव्हा 'तुझ्यामुळेच हा असा झाला' हे नवरा-बायकोने एकमेकांना सुनावणे आधी बंद करावे.

हा मनाचा रोग आहे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले रोगांचे वर्गीकरण ही अवस्था मानसिक विकारांच्या यादीत धरत नाही. ती लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे, आणि तीही अशा व्यक्तींना वैद्यकीय मदत नाकारली जाऊ नये म्हणून. मात्र सतत टोमणे, मार आणि लपवाछपवी यांनी त्या मनाला उदासीनता, निद्रानाश, जीव नकोसा होणे असे खरे आजार जडतात. त्यांवर उपचार लागतात.

इंजेक्शन मागणारे पालक

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी जोडपे आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. वडील खुर्चीवर बसलेही नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कितीबी महागाचं असू द्या, पण एखादं इंजेक्शन द्या आन् ह्याला मर्दासारखा करा." आई पदराने डोळे टिपत होती. मी दोघांना बाहेर बसवून मुलाशी बोललो. तो म्हणाला, "डॉक्टरकाका, बाबा म्हणतात घर सोड. मी जाऊ कुठं? मला बारावीची परीक्षा द्यायची आहे."

असे इंजेक्शन नाही. या मुलांची हार्मोन्स तपासली तर ती बहुधा अगदी व्यवस्थित असतात. कमतरताच नाही, तर भरून काय काढायचे? वरून पुरुषी हार्मोन दिले तर केस वाढतील, मुरुमे येतील, पण मनाची जाणीव तसूभरही बदलणार नाही. हे मी वडिलांना समजावून सांगितले. विजेचे शॉक, मांत्रिकाची छडी, 'संस्कार शिबिर' यांनीही ती बदलत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली अशा 'बदलून दाखवतो' म्हणणाऱ्या उपचारांवर बंदी आणण्याचे निर्देश दिले, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ते करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तेव्हा कुणी पदवीधर असे आश्वासन देऊन पैसे घेत असेल, तर तो तुम्हाला फसवतो आहे.

त्या मुलाला मी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी मुलापेक्षा आईवडिलांनाच जास्त वेळा बोलावले. बारावी झाली. पुढे शिवणकाम शिकणे झाले. आज ती साडी नेसते आणि गावातल्या बायका तिच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकतात. वडील तिला अजून जुन्याच नावाने हाक मारतात आणि ती 'ओ' देते. मध्यंतरी ते खोकल्यासाठी आले होते. आपणहून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पटलेलं नाही मला अजून. पण रेशनकार्डावरचं नाव कापलं नाही."

वाचकहो, स्वीकार म्हणजे हारतुरे घालणे नव्हे. सगळे पटलेच पाहिजे असेही नाही. रेशनकार्डावर नाव, ताटात भाकरी आणि झोपायला आपल्या घराचे छप्पर एवढे राहिले, तरी त्या मुलाचे अर्धे आजार टळतात. हे मी तीस वर्षांच्या डॉक्टरकीवरून सांगतो.

घर सुटले की काय होते?

दुसरे उदाहरण सांगतो. माझ्याकडे रात्री नऊनंतर, बाकीचे रुग्ण गेल्यावर, एक बाई रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येतात. वय पन्नाशीच्या आसपास. चौदाव्या वर्षी मार खाऊन घर सोडले. आई वारल्याचे त्यांना चार महिन्यांनी कळले, तेही बाजारात भेटलेल्या गाववाल्याकडून. ज्यांनी आसरा दिला त्या गुरूविषयी त्या आदराने बोलतात, आणि ते रास्तच आहे. आपण टाकलेले मूल कुणी तरी सांभाळले. पण शाळा सुटली ती सुटलीच. मग मागून खाणे किंवा देह विकणे याखेरीज तिसरा रस्ता त्यांना कुणी दाखवला नाही.

घर सुटलेल्या मुलांचे शरीरही हाल सोसते. कुणी मेडिकलच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून, छाती वाढावी म्हणून मनाने दिवसाला चार-चार घेतात. त्यांतल्या स्त्री-हार्मोनमुळे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. बिडी-तंबाखू असेल तर धोका आणखी वाढतो. कुणी अडाणी माणसाकडून लपूनछपून लिंगच्छेद करून घेतात. त्यात रक्तस्राव होतो, जखम चिघळते, पुढे लघवीची वाट अरुंद होते. वृषण काढल्यावर हार्मोन्सविना राहिले तर हाडे ठिसूळ होतात. हीच गोष्ट वय पूर्ण झाल्यावर, मानसोपचारतज्ज्ञ, हार्मोनतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांच्या सल्ल्याने केली तर धोका पुष्कळ कमी होतो. शिवाय प्रत्येकाला शस्त्रक्रिया हवीच असते असेही नाही. घरचे माणूस सोबत असेल तर मूल तज्ज्ञाकडे जाते. एकटे असेल तर ज्याची दारे उघडी सापडतील त्याच्याकडे जाते.

'लग्न करून दिले की सुधारेल'

ही आपल्याकडची सर्वांत लाडकी आणि सर्वांत घातक समजूत. लग्नाने लिंगभाव बदलत नाही. बदलते ते एवढेच, की आधी एक जीव दुःखी होता, आता दोन होतात. परक्याच्या मुलीला काहीही न सांगता अशा घरात आणणे हा त्या मुलीवर अन्याय आहे.

मुलीच्या शरीराने जन्मलेल्या आणि मनाने पुरुष असलेल्यांचे हाल याहून जास्त. ते टाळ्या वाजवत रस्त्यावर दिसत नाहीत, म्हणून ते नाहीतच असे आपण धरून चालतो. ते असतात. केस कापले म्हणून मार खातात, एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी बोहल्यावर चढवले जातात. मग 'सून कुणाशी बोलत नाही, अंगात येतं' अशी तक्रार घेऊन सासू दवाखान्यात येते. घरात लग्नाला ठामपणे नकार देणारी मुलगी असेल, तर तिच्यावर ओरडण्याआधी एकदा तिचे म्हणणे ऐकून घ्या.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतंत्र ओळख दिली, आणि रुग्णालयांत त्यांच्यावर उपचारांची नीट सोय करावी असे सरकारांना बजावले. पुढे २०१९ साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. या कायद्यातला एक भाग पालकांनी नीट वाचावा असा आहे. मूल तृतीयपंथी आहे एवढ्या कारणावरून, न्यायालयाचा आदेश नसताना, त्याला आईवडिलांपासून वेगळे करता येणार नाही, आणि त्याला घरात राहण्याचा हक्क आहे, असे त्यात लिहिले. अशा व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला लावणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कैदेची शिक्षाही त्यात ठरवली. म्हणजे 'माझ्या घरात कोण राहील ते मी ठरवीन' हे बापाचे वाक्य कायद्याने मोडीत काढले.

ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून देण्याची तरतूदही त्याच कायद्याने केली. नियम आणि कागदपत्रे बदलत राहतात, म्हणून जाण्यापूर्वी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. आयुष्मान भारत योजनेतून तृतीयपंथी व्यक्तींना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार देण्याचा करारही २०२२ साली झाला. त्याचीही माहिती तिथेच विचारावी.

गाव कधीकधी कायद्याच्याही पुढे असते. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच म्हणून निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक इथे अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या राखीव जागेवरचा अर्ज फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयाने अर्ज ग्राह्य धरला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडूनही आल्या. ही मते मुंबई-पुण्याच्या लोकांनी दिलेली नाहीत. तुमच्या-आमच्यासारख्या गावकऱ्यांनी दिली आहेत.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा: 'पण डॉक्टर, ते लोक पैशासाठी अंगावर येतात.' कुणीही जबरदस्ती केली तर ती चूकच, त्याला कायदा आहे. पण २०११ च्या जनगणनेत सर्वसाधारण साक्षरता ७४ टक्के असताना 'इतर' रकान्यातल्या लोकांची सुमारे ५६ टक्केच होती. ज्याला आठवीत वर्गातून हुसकावून लावले आणि नंतर कुणी दुकानात कामाला ठेवले नाही, त्याने काय करायचे, हेही सांगावे लागेल. शिक्षकमंडळींना माझी खास विनंती आहे. वर्गात अशा मुलाला नावे ठेवली जात असतील तर ती तुमच्या एका शब्दाने थांबतात. तुम्हीच हसलात तर शाळा सुटते.

दुसरा आक्षेप हळू आवाजात येतो: 'धाकट्या बहिणीचं लग्न कसं जमायचं?' ही अडचण खरी आहे, मी ती खोटी ठरवणार नाही. स्थळे मोडतात. माझ्या ओळखीच्या दोन घरांत मुलींची लग्ने यापायी लांबली. दोघींचीही पुढे झाली, आणि दोन्ही घरांत पाहुण्यांना आधीच खरे सांगितले होते. लपवलेले नंतर उघडे पडते तेव्हा फार महाग पडते.

आम्हा डॉक्टरांनाही

वैद्यकीय पेशातल्या मंडळींना वगळून चालणार नाही. माझ्या एका रुग्णाचे आंत्रपुच्छ सुजले होते. मी चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचे की बायकांच्या, या वादात बाकावर पाच तास गेले. शेवटी शस्त्रक्रिया झाली, पण तोवर आंत्रपुच्छ फुटले होते. पोटदुखी पुरुषाची आणि बाईची वेगळी नसते. वॉर्डाचा प्रश्न सोडवायला दोन मिनिटे पुरतात: रुग्णालाच विचारायचे. केसपेपरवर कोणते नाव लिहायचे, हेही त्यांनाच विचारायचे. माझ्या दवाखान्यात कंपाउंडरला सक्त ताकीद आहे, की नंबराप्रमाणे बोलवायचे आणि हसायचे नाही. सुरुवातीला बाकावरचे लोक सरकून बसायचे. आता सरकतात ते जागा करून देण्यासाठी.

पालकांसाठी

१. मुलाने एकदा ओढणी घेतली किंवा मुलीने क्रिकेटचा हट्ट धरला, म्हणून घाबरू नका. बहुतेक मुले असे खेळतात. ही जाणीव वर्षानुवर्षे टिकली आणि वयात येताना मुलाला तिचा त्रास होऊ लागला, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्या.

२. मारू नका, कोंडू नका, केस भादरू नका, लग्न लावू नका.

३. शाळा-कॉलेज काही झाले तरी सुटू देऊ नका. हातात एखादे काम असावे.

४. मूल गप्प-गप्प राहू लागले, जेवण-झोप तुटली, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे. तिथे आईवडीलही फोन करू शकतात.

५. हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शने तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय नकोत. घेत असल्याचे कळले तर रागावू नका, डॉक्टरांना सांगा.

६. मूल आधीच घर सोडून गेले असेल, तर निरोप पाठवा. कितीही वर्षे झाली असली तरी पाठवा. रागावून नव्हे, 'जेवायला ये' एवढाच.

कुणा पालकांना या विषयावर मला भेटायचे असेल, तर संध्याकाळी आठनंतर यावे. त्या वेळी गर्दी नसते. नाव नोंदवताना कंपाउंडरला कारण सांगावे लागत नाही, 'डॉक्टरांशी बोलायचं आहे' एवढे पुरते. आणि येताना मुलाला सोबत आणले नाही तरी चालेल. पहिल्या खेपेला आईवडीलच आले तर बरे.